आई, तू बस सामानाजवळ

अमेरिकेहून परत आल्यापासून नागपुरात भेटेल तो मला एकच विचारतो, "मग, काय काय पाहिलं?" मी सांगते, टेबल पाहिलं. लोकांना वाटतं मी गंमत करतेय. गंमत कसली डोंबलाची! अख्खा हिवाळा, दर शनिवारी, मी एका लाकडी टेबलापाशी बसून काढला. त्या टेबलावर कुठे डाग आहे आणि कुठे कोणी सुरीने नाव कोरलंय हे मला आजही डोळे मिटून सांगता येईल.

माझी लेक आणि जावई बॉथेलला राहतात. सिअ‍ॅटलला लागूनच आहे ते गाव. दोघंही सॉफ्टवेअरमध्ये, एक नात पहिलीत. मी सहा महिन्यांसाठी गेले होते. तिकडे हिवाळा लागला की माणसांच्या अंगात येतं. आठवडाभर पाऊस, चिखल, दुपारीच अंधार, आणि शनिवार उजाडला की सगळे गाड्यांच्या टपावर स्की, म्हणजे बर्फावर घसरायच्या लांबलचक पट्ट्या, बांधून डोंगराकडे पळतात. दोन तासांत बर्फ. संध्याकाळी परत घरी येऊन वरणभात खायला मोकळे. मला हे फार आवडलं, खोटं कशाला सांगू? शहराच्या इतक्या जवळ इतका बर्फ, आणि तो बघायला ना साधूसंन्यासी व्हायला लागतं ना गिर्यारोहक. पहिल्या शनिवारी निघालो तेव्हा मी लेकीपेक्षा जास्त उत्साहात होते.

त्याला कारण होतं. मी भूगोलाची मास्तरीण. सगळा जन्म फळ्यावर ज्वालामुखी काढण्यात गेला. आधी पांढऱ्या खडूने शंकू, मग लाल खडूने मधली नळी, मग राखेचे आणि लाव्ह्याचे थर एकावर एक. जागृत, निद्रिस्त, मृत. मुलांच्या किती तुकड्या हे पाठ करून पुढे गेल्या असतील देव जाणे. कोणी विचारलं, "बाई, तुम्ही पाहिलाय का खरा?" की मी म्हणायचे, "पुस्तक उघडा." काय सांगणार? नव्हताच पाहिला. आणि इथे, लेकीच्या घरापासून दोन तासांवर, माउंट रेनिअर. पुस्तकातून उचलून ठेवावा तसा ज्वालामुखी, अंगावर हिमनद्या घेऊन बसलेला. कागदोपत्री जागृत, वागायला झोपलेला.

आम्ही जायचो ते स्कीचं ठिकाण त्याच्या अगदी समोर होतं. पण गंमत अशी की खालून, म्हणजे जिथे गाड्या लावतात आणि जिथे खाण्यापिण्याची मोठी इमारत आहे, तिथून तो दिसत नाही. मधे एक डोंगराची धार आडवी येते. वर जायला काचेचे बंद पाळणे आहेत. स्की न येणारे लोकही त्यात बसून वर जातात, डोंगर बघतात, कॉफी पितात आणि त्याच पाळण्याने खाली येतात. माझ्या वयाच्या कितीतरी गोऱ्या बायका काठी टेकत टेकत त्यात चढताना मी दर वेळी खिडकीतून बघायचे. पाळण्यात बसायचं आणि उतरायचं, बस. घसरायचं नाही, पडायचं नाही, काही नाही.

पहिल्या शनिवारीच मी लेकीला म्हटलं, "मी जाते वर."

"जाऊ या ना आई, पण आज नको. आज ढग आहेत, काही दिसणार नाही. आणि तू एकटी कशी जाशील? तुझ्या इन्शुरन्समध्ये हे बसत नाही."

हा इन्शुरन्स! पाहुणे आईबाप आले की तिथली मुलं त्यांचा एक विमा काढतात, आणि मग त्या विम्याला सासूसारखं घाबरतात. अंगणातल्या बर्फावर पाय ठेवू नको, इन्शुरन्स. एकटी वॉकला जाऊ नको, इन्शुरन्स. पहाटे पाच वाजता उठून दहा माणसांच्या तिखटमिठाच्या पुऱ्या तळल्या तर चालतं, उकळतं तेल इन्शुरन्समध्ये बसतं बरं का!

आम्ही एकटे जात नसू. तीन मराठी कुटुंबं मिळून जायची. पोचलो की आधी टेबल पकडायचं. एक नाही, शेजारशेजारची दोन. त्यावर बॅगा, बुटांच्या पिशव्या, डबे, थर्मास, पोरांचे जादाचे हातमोजे. आणि मग तो मंत्र, "आई, तू बस सामानाजवळ. आम्ही आलोच." बाकीचे म्हणायचे, "काकू आहेत ना, मग टेन्शन नाही." त्यातला एकजण तर दर शनिवारी ऑफिसचा लॅपटॉप घेऊन यायचा. सुट्टीच्या दिवशीही ऑन-कॉल असायचा म्हणे. "काकू, यात लॅपटॉप आहे हं, जरा लक्ष असू द्या." जसं काही मी बंदूकधारी जवान आहे. लॅपटॉपवर डल्ला मारायला कोणी आलंच असतं तर मी काय करणार होते, पुऱ्यांचा डबा फेकून मारणार?

आणि ही सगळी मंडळी "आलोच" म्हणून जी जायची ती पुऱ्या खायला उगवायची. "काकू, तुमच्या हाताला काय चव आहे!" असं म्हणत, तोंड पुसत, बूट दाणदाण आपटत पुन्हा बाहेर. चार वाजेपर्यंत मी, बॅगा आणि ओल्या मोज्यांचा वास.

आता यातली मेख ऐका. बसून बसून माझ्या लक्षात आलं की त्या एवढ्या मोठ्या इमारतीत सामानाजवळ कोणीच बसत नाही. लोक येतात, बॅग बाकाखाली सरकवतात आणि चालू पडतात. दिवसभर ती बॅग तिथेच. कोणी तिच्याकडे ढुंकून बघत नाही. भिंतीवर मोठ्या अक्षरात पाटीही होती की कृपया टेबलं अडवून ठेवू नका, खाऊन झालं की दुसऱ्याला जागा द्या. ती पाटी बरोबर माझ्या डोळ्यांसमोर. वर्गात दप्तर ठेवून मैत्रिणीसाठी बाक अडवणाऱ्या पोरींना मी उभं केलेलं आहे. आणि आता मीच दोन टेबलं अडवून बसलेली. हातात सूपचे ट्रे, कडेला थंडीने लाल झालेली पोरं, अशा बाया यायच्या आणि अदबीने विचारायच्या, इथे कोणी आहे का? मी म्हणायचे, "येस, येस, कमिंग." कमिंग कुठले? तास तास कोणी कमिंग नसायचं. त्या बाया "ओके, थँक यू" म्हणून पोरांना घेऊन भिंतीला टेकून उभ्यानं खायच्या. मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

मी एकदा जावयाला म्हटलंदेखील, "अहो, इथे कोणी चोरत नाही हो. सगळ्यांच्या बॅगा पडलेल्या असतात."

"आई, चोरीचं नाही. पण कोणीतरी असलेलं बरं असतं."

कोणीतरी! ते कोणीतरी म्हणजे मी.

त्या अख्ख्या इमारतीत माझ्यासारखी आणखी एकच होती. पलीकडच्या कोपऱ्यात, पांढरी साडी, वर मुलाचं जाडजूड जॅकेट आणि कानटोपी, अशी एक गुजराती आजी. तिच्यासमोरही बॅगांचा ढीग. पहिल्यांदा नजरानजर झाली तेव्हा मला हसू आलं, मग फार वाईट वाटलं. तिने ठेपले दाखवले, मी पुऱ्या दाखवल्या. उठून एकमेकींकडे जायची सोय नव्हती. सामान होतं ना!

तसा हा उद्योग मला नवा नव्हता. आमच्याकडे कुठल्याही सहलीत एक माणूस सामानाजवळ बसायला लागतो, आणि तो माणूस म्हणजे मी, हे माझं लग्न झालं तेव्हापासून ठरलेलं. पचमढीला गेलो. हे मुलांना घेऊन धबधबा बघायला खाली उतरले, मी वर वॉटरबॅगा आणि सगळ्यांचे स्वेटर घेऊन बसले. चिखलदऱ्याला गेलो, तिथेही तेच. वर आल्यावर हे सांगायचे, "काही विशेष नव्हतं गं." पोरं ओलीचिंब, गाल लाल, बोलायचं थांबत नाहीत, आणि म्हणे काही विशेष नव्हतं! वर्गात मी धबधबा कसा तयार होतो ते इतकं छान शिकवायचे की इन्स्पेक्टरसाहेबांनी वाहवा केली होती. हे गेले, मुलं आपापल्या संसाराला लागली, तेव्हा मला वाटलं होतं, चला, सामानाचा प्रश्न मिटला. तर लेकीने विमानाचं तिकीट काढून मला पुन्हा सामानाजवळ नेऊन बसवलं.

शनिवारमागून शनिवार गेले. कधी ढग, कधी वारा म्हणून पाळणे बंद, कधी "आई, आज गर्दी फार आहे, पुढच्या वेळी." एकदा तर आकाश चांगलं होतं, पण नातीला तिच्या स्कीच्या वर्गातून आणायची वेळ झाली. मी चिडले की लेक म्हणायची, "अगं, यूट्यूबवर बघ ना, ड्रोनने काढलेले काय भारी व्हिडिओ आहेत." यूट्यूबवर बघायचं होतं तर नागपुरात माझं वायफाय काय वाईट होतं? ही पोर लहानपणी पुस्तकातल्या आंब्याच्या चित्रावर समाधान मानत होती का कधी? पण मी गप्प बसायचे. तिच्या घरी राहत होते, तिचं मीठ खात होते, आणि ती राबते किती हेही दिसत होतं. आठवडाभर मीटिंगा, रात्री पुन्हा भारतातल्या टीमबरोबर कॉल. एक शनिवार तिचा हक्काचा. म्हणून राग गिळायचे आणि मग तो रविवारी भांड्यांवर निघायचा.

माझं परतीचं तिकीट मार्चमधलं. निघायच्या आधीचा तो शेवटचा शनिवार. माझे गुडघे आता असे आहेत की पुन्हा एवढा प्रवास झेपेल असं मला वाटत नाही, आणि हे लेकीला मी स्पष्ट सांगितलं होतं. "पुढच्या वर्षी ये ना" हे बोलायला ठीक आहे. आदल्या संध्याकाळी तिने माझ्या डोक्यावर हात ठेवून शपथ घेतली. "आई, उद्या क्लिअर आहे. तुझा पाळण्याचा पास मी काढलाय. बाराला मी खाली येते, आपण दोघी वर जाऊ. प्रॉमिस."

आणि शनिवार काय उजाडला! महिनोन्‌महिने घोंगडी पांघरून बसलेलं आकाश निळंशार. हायवेवरून लांबवर डोंगराचं डोकं दिसलं तर गाडीत सगळे ओरडले, "माउंटन इज आउट!" तिथे असं म्हणतात, डोंगर बाहेर आलाय, जणू तो घरात बसला होता. पोचल्यावर लेकीने तो पास माझ्या जॅकेटच्या चेनला अडकवून दिला. मग दोन टेबलं, बॅगा, लॅपटॉप, पुऱ्या, आणि "आई, तू बस सामानाजवळ."

बारा वाजले. बाराला मेसेज आला, "आई स्नो अमेझिंग आहे आज, थोडं थांब." मी थांबले. एक वाजता सगळे हाशहुश करत जेवायला आले. पुऱ्यांचा फडशा पडला. मी लेकीकडे बघतेय, लेक मोबाइलमधले फोटो दाखवतेय. वरून काढलेले फोटो! माझाच डोंगर, आणि त्याच्यासमोर हे सगळे दात काढून उभे. "आई, बघ काय सुपर दिसतोय." मी म्हटलं, "चल मग." तेवढ्यात तिच्या मैत्रिणीने हाक मारली, "यार, वरून खाली एक लास्ट रन, चल ना!" लेकीने माझा हात दाबला. "आई, एकच रन. वीस मिनिटं. आलेच."

गेली.

स्की नसलेल्यांसाठी वर जायचा शेवटचा पाळणा तीनला असतो हे मला पाठ होतं, दारातल्या बोर्डावर लिहिलेलं होतं. दोन वाजले. सव्वादोन. खिडकीतून बघते तर पश्चिमेकडून ढगाची एक पांढरी कड सरकायला लागलेली. फोन लावला, उचलला नाही. पास माझ्या पोटावर लोंबकळतोय. मला रडू यायला लागलं, आणि रडू यायला लागल्याचा इतका संताप आला की काय सांगू. या वयात मी एका बॅगेपायी रडायचं?

तेवढ्यात एक बाई आली. हातात ट्रे, मागे दोन पोरं, धाकट्याच्या नाकातून पाणी. "इज एनीवन सिटिंग हिअर?"

मी म्हटलं, "नो."

माझं मलाच बरं वाटलं. "नो, नोबडी. प्लीज सिट." मी उठले, सगळ्या बॅगा ओढून बाकाखाली ढकलल्या, लॅपटॉपवाली सगळ्यात आत. डबे एकात एक घातले. दोन्ही टेबलं पुसून दिली. ती बाई इतक्या वेळा थँक यू म्हणाली की मला लाज वाटली, कारण तिला भिंतीपाशी उभं राहताना मी आधीच्या शनिवारी पाहिलं होतं.

पलीकडून गुजराती आजी उभीच राहिली. हातवारे करत म्हणाली, "बेन, सामान?"

"रहने दो," मी म्हटलं. "चलो, ऊपर चलते हैं."

तिने वर पाळण्यांकडे पाहिलं. मग आपल्या बॅगांकडे पाहिलं. मग मान हलवली आणि खाली बसली. मला तिचा नाही, तिच्या घरच्यांचा इतका राग आला की बूट आपटत बाहेर पडले.

पाळण्याशी उभ्या असलेल्या माणसाने माझा पास मशीनला लावला आणि हाताला धरून मला आत बसवलं. विम्याचं त्याने काही विचारलं नाही. पाळणा वर निघाला तशी खाली झाडं बारीक बारीक होत गेली, पांढऱ्या उतारावर रंगीत ठिपके घसरताना दिसले. त्यातलाच एक माझी लेक असणार. वीस मिनिटं म्हणून गेलेली.

वर उतरले. चार पावलं टाकली. आणि समोर तो.

बाप्पा! फळ्यावर मी आयुष्यभर जो काढत आले तो किती चिमुकला होता. हा एवढा मोठा, एवढा जवळ, की मान एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला वळवावी लागली. त्याच्या खांद्यावरून हिमनद्या खाली उतरत होत्या, खऱ्या, भेगा पडलेल्या, भेगांच्या आत निळसर. मी शिकवलं होतं की हिमनदी वाहते, फक्त आपल्याला दिसत नाही. मुलं हसायची, बाई, बर्फ कसा वाहेल? अरे, वाहतो रे! तिच्या अंगावर वाहिल्याच्या वळ्या होत्या. मी मोठ्यांदा म्हणाले, "शंकू, थर, मुख," आणि शेजारचं एक म्हातारं गोरं जोडपं माझ्याकडे बघून हसलं. मी पण हसले. गालांवर पाणी होतं, ते पुसलं नाही. ज्याच्यापासून लपवावं असं तिथे कोणी ओळखीचं नव्हतंच.

ढगाची कड आता त्याच्या पायथ्याशी आली होती. थोडा वेळ होता माझ्याकडे.

फोन वाजला. लेक.

"आई! कुठे आहेस तू? अगं आमचा जीव गेला इकडे! टेबलावर भलतेच लोक बसलेत, आणि बॅगा खाली एकट्याच पडल्यात!"

मी डोंगराकडे बघत होते. ऐकू आलं ते नीट पोचायला क्षणभर लागला. बॅगा एकट्या पडल्यात. सगळा हिवाळा मी त्या टेबलाशी बसले होते, आणि एकाही शनिवारी, एकदाही, या पोरीच्या तोंडून आलं नाही की अगं, आई एकटी पडलीय.

मी ओरडले नाही. वर्गात फार राग आला की माझा आवाज खाली जायचा, पोरींना ते माहीत होतं. लेकीलाही माहीत आहे.

"बॅगा एकट्या आहेत ना?" मी म्हटलं. "मग तू बस त्यांच्याजवळ."

 तिच्या मागे बूट आपटल्याचे आवाज येत होते, कोणीतरी लॅपटॉप सापडला म्हणून ओरडत होतं. मग ती म्हणाली, "आई... दिसतोय का गं?"

"काही विशेष नाही," मी म्हटलं, आणि फोन ठेवला.